बिब्बा उततो, तसा काजूही

ओल्या काजूगरांचा भाव शेकड्यावर ठरतो. तो इतका चढा का, हे कळायचं असेल तर गर सोलणाऱ्या बाईचे हात पाहावेत. बोटांची टोकं काळी पडलेली असतात, अंगठ्याच्या पेरावरची कातडी सोलून गुळगुळीत झालेली असते आणि नखांच्या कडेला भेगा असतात. हा काळेपणा कितीही घासला तरी जात नाही, कारण तो कातडीवर बसलेला नसतो, तिच्यात मुरलेला असतो.

काजूची बी मधोमध कापून पाहिली तर टरफल जेमतेम ३ मिलिमीटर जाड दिसतं. बाहेर चिवट साल, आत गराला लागून कठीण कवच, आणि दोहोंच्या मधे पोळ्यासारख्या बारीक पोकळ्यांचा थर. या पोकळ्यांत दाट, तांबूस-तपकिरी तेल भरलेलं असतं. कोकणात त्याला डीक म्हणतात. बीच्या एकूण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के वजन एकट्या या डिकाचं. कोयती टरफलावर पडली की पोकळ्या फुटतात आणि डीक बोटांवर, कधी थेट डोळ्यापर्यंत उडतो.

बिब्बा उतणं म्हणजे त्याच्या तेलाने कातडी पोळून फोड येणं, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. काजू, बिब्बा आणि आंबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. आंब्याचा देठ तोडल्यावर उडणारा चीक ओठाला लागला की फोड येतो, त्यामागेही याच जातीची रसायनं आहेत. कच्च्या डिकात ६० ते ६५ टक्के अ‍ॅनाकार्डिक आम्ल, १५ ते २० टक्के कार्डॉल आणि दहाएक टक्के कार्डॅनॉल असतं. तिन्ही रेणूंची ठेवण सारखीच: एक फिनॉलचं डोकं आणि त्याला १५ कार्बनांची लांब शेपटी. शेपटी तेलकट, म्हणून रेणू कातडीच्या स्निग्ध थरातून सहज आत उतरतो. डोकं मात्र तिखट, ते आतल्या प्रथिनांना चिकटतं.

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि त्यांची गल्लत केली की उपाय चुकतो. पहिली वाट सरळ पोळण्याची. डीक पुरेसा वेळ अंगावर राहिला तर तो कुणालाही पोळतो, त्याला अ‍ॅलर्जी असावी लागत नाही. आग, काळा डाग, मग साल निघणं, हे सगळं जिथे डीक लागला तेवढ्याच जागी. दुसरी वाट अ‍ॅलर्जीची. डीक चिकटलेल्या प्रथिनाला शरीर परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध पेशी तयार करून ठेवतं. याला निदान दहा-बारा दिवस लागतात. कुणाच्या बाबतीत वर्षं जातात, कुणाच्या बाबतीत हे कधीच घडत नाही. पण एकदा घडलं की पुढच्या वेळी थेंबभर डीकही पुरतो. खाज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे सोमवारच्या डिकाचा दोष बुधवारी खाल्लेल्या मासळीवर जातो. शिवाय पुरळ हातापुरतं राहत नाही. पापण्या, मान, कोपराची लवण, जिथे जिथे डिकाचा हात फिरला किंवा टरफलाचा धूर लागला तिथे ते उठतं. टरफलं जाळली की धुरासोबत डिकाचे बारीक कण उडतात. सकाळी डोळे सुजून मिटलेले असतील तर आदल्या संध्याकाळी चुलीत काय घातलं होतं, हे विचारावं.

वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ भागातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांत बी आधी वाळवतात, मग वाफेवर उकडतात, निवू देतात आणि पायाने दाबायच्या मशीनवर एकेक करून फोडतात. उकडण्याचा हेतू टरफल ठिसूळ करणं आणि गर आतून सुटा करणं एवढाच. उकडली म्हणजे डीक मेला, हा समज चुकीचा आहे. अ‍ॅनाकार्डिक आम्लाचं कार्डॅनॉल व्हायला १८० ते २०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. ती डिकाच्याच गरम कढईत बी भाजली तर मिळते, वाफेत नाही. आणि त्या उष्णतेतही कार्डॉल बराचसा शाबूत राहतो, जो या तिघांत सर्वांत जहाल. गरम बी घाईने फोडायला घेणं तर आणखी वाईट. तेल गरम असताना पातळ असतं, पात्याखाली ते जास्त उडतं आणि जास्त पसरतं. रात्रभर पसरून निवलेली बी फोडणाऱ्याचे हात कमी खराब होतात, ते यामुळेच.

मग राखेचं काय? हाताला राख किंवा चुना चोळून बसण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती निव्वळ खुळी नाही. राख डीक शोषते, बोट घसरत नाही. पण निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) ५ च्या आसपास; ७ च्या वर गेलं की ते अल्कधर्मी. राखेचं पाणी १० च्या वर, चुन्याचं १२ च्या. घामाने भिजलेली राख दिवसभर हातावर राहिली की कातडीचा संरक्षक थर ती स्वतःच खिळखिळा करते, आणि मग डिकाला मोकळं रान मिळतं. एरंडेल किंवा खोबरेल त्यापेक्षा बरं, मात्र ते आधी लावलं तर. डीक तेलात विरघळतो, म्हणजे तो कातडीआधी एरंडेलात उतरतो. पण तेच एरंडेल चार तास हातावर ठेवलं तर ते डिकाचंच पातळ मिश्रण होतं. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने हात कोरड्या फडक्याने पुसावेत, नव्याने तेल लावावं आणि ते फडकं परत वापरू नये. काम संपल्यावरही क्रम हाच: आधी तेलाचा बोळा फिरवून पुसणं, मग साबण आणि भरपूर पाणी. उघड्या हाताला डीक लागला तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुण्याला खरा अर्थ आहे. नंतर धुतल्याने पसरणं थांबतं, पण मुरलेलं निघत नाही.

हातमोज्यांत सुती मोजा सर्वांत घातक. तो डीक पिऊन घेतो आणि पोटिसासारखा बोटांना बांधून ठेवतो. साध्या रबराचा मोजा तेलाने फुगतो आणि सैल होतो. नायट्राइल या कृत्रिम रबराचा टिकतो, आत घाम टिपायला पातळ सुती अस्तर असेल तर कोकणच्या दमटपणातही तो सोसवतो. आतून एकदा डीक लागलेला मोजा मात्र फेकावाच, उलटा करून वाळवू नये.

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात ट्रॉलरच्या इंजिनाखाली झोपणाऱ्या मेकॅनिकचे हातही असेच काळे दिसतात, पण तिथली गोष्ट वेगळी आहे. खनिज तेल सहसा अ‍ॅलर्जी करत नाही, ते केसांच्या मुळांची तोंडं बुजवतं. काळ्या टोकाचे बारीक फोड मनगटावर येतात, आणि त्याहून जास्त मांड्यांवर. चेहरा साफ आणि मांड्या भरलेल्या असल्या की तो ऑइल अ‍ॅक्ने समजावा. कारण असतं खिशात कोंबलेलं तेलकट फडकं, किंवा आठवडाभर न धुतलेली पँट. हातावरच्या भेगा मात्र बहुतेक वेळा तेलाच्या नसतातच, त्या तेल काढण्याच्या पद्धतीच्या असतात. डिझेल, रॉकेल किंवा थिनरने हात धुतले की ग्रीससोबत कातडीतली नैसर्गिक चरबीही निघून जाते. वर कपड्याची पावडर लावून घासलं की उरलीसुरली कातडीही गेली! त्याऐवजी ग्रीस खोबरेलाने सैल करून पुसावं, मग साधा साबण.

लोटे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर आणखी तिसरा प्रकार: दुधासारखं पांढरं कूलंट, म्हणजे धातू कापताना तो थंड ठेवणारं पाणी. यात तेल थोडं, पाणी बहुतेक, आणि ते कुजू नये म्हणून घातलेली जंतुनाशकं. पाणी उडून जातं तसं मिश्रण तिखट होत जातं. साधारण ५ टक्क्यांवर ठेवायचं ते न मोजता १० च्या पुढे जातं, मग बोटांच्या बेचक्यांतून पुरळ सुरू होतं. मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने रोज एक थेंब तपासला की हे टळतं. लेथ फिरत असताना हातमोजा मात्र कधीही घालू नये, तो हातासकट आत ओढला जातो.

पुरळ आल्यावर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, साधं व्हॅसलीन लावावं आणि ते काम थांबवावं, एवढं घरी करता येतं. फोडातलं पाणी लागून रोग पसरत नाही, तरी फोड फोडू नयेत. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब आणणं ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी स्वस्ताई. तिने चार दिवस खाज थांबते, कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. चेहरा सुजला, पू आला किंवा ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. अ‍ॅलर्जी नक्की कशाची, हे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून कळतं. त्या ४८ तासांनी काढतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ पाहतात.

१९४८ च्या कारखाने कायद्याने खनिज तेलाने होणारा त्वचादाह कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला होता. घरच्या पडवीत काजू फोडणारी बाई मात्र त्या कायद्याच्या लेखी कारखान्यात नव्हतीच. तिची तक्रार पुढे येते ती रेशन दुकानात, अंगठा लागत नाही तेव्हा. अंगठ्याच्या रेषा वरच्या कातडीतून झिजलेल्या असतात, पण त्यांचा साचा खालच्या थरात असतो. हात तीन-चार आठवडे डिकापासून लांब राहिले की नवी कातडी येते आणि तोच ठसा परत उमटतो. तोवर दुकानात डोळ्याच्या बुबुळाचं मशीन असेल, तर ते मागावं.