यूएफ आणि आरओ, दोन्हीला 'फिल्टर' म्हणून मोकळं होऊ नका

ऑलिव्ह ऑइलच्या गिरणीतून निघणाऱ्या काळपट पाण्याला स्पेनमध्ये आल्पेचिन म्हणतात, ग्रीसमध्ये कात्सिगारोस. घरगुती सांडपाण्याचा सीओडी (घाण रासायनिक पद्धतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो, ह्याचा बऱ्याचदा 40 ते 200 ग्रॅम! आणि हे पाणी साफ करायला मेम्ब्रेनचा, म्हणजे पाणी आणि घाण वेगळी करणाऱ्या पातळ पडद्याचा, विषय निघाला की लोक यूएफ आणि आरओ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात, एक जाड जाळी नि एक बारीक जाळी, झालं. तसं नाहीये ते.

यूएफ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, ती खरंच चाळणी आहे. छिद्रं साधारण 2 ते 100 नॅनोमीटर, प्रेशर 1 ते 10 बार. फळाचा गर, तेलाचे बारीक थेंब, पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) सगळं वरच अडकतं. खालचं पाणी ग्लासात धरलं तर पलीकडचं बोट दिसतं आणि इथेच माणूस फसतो, कारण गढूळपणा गेला तरी तपकिरी रंग राहतोच. ऑलिव्हमधल्या फिनॉल जातीच्या रसायनांपैकी हायड्रॉक्सीटायरोसॉलचं मॉलिक्युलर वेट फक्त 154, आणि यूएफ अडवायला लागते हजाराच्या पुढचं, मग ते कसलं अडकतंय. साखर, पोटॅशियम पण आरामात पार. म्हणजे सीओडी उतरतो, पण नदीत सोडण्याइतका अजिबात नाही.

आरओला, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसला, मात्र चाळणी म्हणणंच चूक. तिथे पाणी पॉलिमरच्या थरात विरघळून पलीकडे जातं, क्षार आणि बहुतेक फिनॉल मागेच राहतात. त्यासाठी आधी ऑस्मोटिक प्रेशरवर, म्हणजे पाण्याच्या दाट बाजूकडे जायच्या ओढीवर, मात करावी लागते, म्हणून पंप 10 ते 70 बारचे, आणि मागचं पाणी जसजसं दाट होत जातं तसतसा जोर अजून लागतो, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत काही पिळता येत नाही.

मग डायरेक्ट आरओच लावू की! लावा, पेक्टिन आणि तेल मिळून त्याच्या मेम्ब्रेनच्या थरांमधल्या अरुंद वाटा कधी बुजवतील कळणार पण नाही. सिरॅमिकची यूएफ गरम कॉस्टिक सोड्याने धुता येते, आरओचं पॉलिमर तेवढं सोसत नाही. म्हणून मार यूएफने खायचा, आरओ तिच्या मागे. शिवाय गिरणी चालते वर्षातले काही महिनेच, बाकीचा वेळ मेम्ब्रेन प्रिझर्व्हेटिव्हमध्ये ओली ठेवावी लागते, हे बजेट करताना हमखास विसरतात.

घाण दोन्हीत नष्ट होत नाही, फक्त एका बाजूला गोळा होते. आरओच्या मागे उरलेल्या फिनॉलवाल्या पाण्याला कॉस्मेटिक आणि सप्लिमेंटवाले गिऱ्हाईक मिळू शकतं, यूएफच्या वरचा चिखल मात्र कंपोस्टला नाहीतर बायोगॅसला.