कान-नाक-घसा शस्त्रक्रियांचे संकेतांकन व देयक

रोगनिदान व केलेली शस्त्रक्रिया ठरावीक संकेतांकांत नोंदवून विमा कंपनीकडे किंवा शासकीय योजनेकडे खर्चाची मागणी करण्याची पद्धत. रुग्णालयांत ‘कोडिंग-बिलिंग’ हाच शब्द रूढ आहे.

रोगनिदानाचे संकेतांक रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून घेतात. त्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांना देतात. त्यांची यादी १८९३ मध्ये शिकागो येथे स्वीकारली गेली. तथापि १८५५ मध्येच पॅरिसच्या परिषदेपुढे इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांनी वेगवेगळ्या याद्या मांडल्या होत्या. देस्पिन यांचा भर रोगाच्या स्वरूपावर, तर विल्यम फार यांचा बव्हंशी शरीरातील स्थानावर होता. बर्तियाँ यांनी सर्वसाधारण व स्थानिक रोगांतील विल्यम फार यांचाच भेद पायाभूत मानल्याने वर्गीकरणाचे मूळ त्यांच्याकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

रोग शरीरातील स्थानानुसार मांडण्याच्या या तत्त्वामुळे कान-नाक-घसा ही एकच शाखा अनेक प्रकरणांत विखुरली. वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत कान मज्जासंस्था व ज्ञानेंद्रियांसोबत होता. दहावीत त्याला स्वतंत्र प्रकरण (एच ६०–९५) मिळाले. नाकाचा वाकडा पडदा (जे ३४.२) व टॉन्सिलचा जुनाट दाह (जे ३५.०) मात्र श्वसनरोगांत येतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १९६६ पासूनच्या शस्त्रक्रिया-संकेतांकांत तर टॉन्सिल पचनसंस्थेत आहेत! त्यामुळे संलग्न शस्त्रक्रिया अंकांच्या जवळिकीवरून ओळखता येत नाहीत. टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकामागील ग्रंथी) एकाच वेळी काढल्यास दोन नव्हे, एकच संकेतांक लागतो : बारा वर्षांखाली ४२८२०, पुढे ४२८२१. दुर्बिणीने केलेली नाकाची तपासणी (३१२३१) त्याच वेळच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेत धरलेली असते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत शासकीय योजनेचे बिल पॅकेजवर, म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी ठरलेल्या एकत्रित रकमेवर, चालते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना येथे नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्याशी जोडलेल्या केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या नियमांत एका वेळी अनेक शस्त्रक्रिया झाल्यास सर्वांत मोठे पॅकेज पूर्ण, दुसरे ५० टक्के व तिसरे २५ टक्के धरतात.

मिरज-कराडकडे येणारा रुग्ण ‘कान फुटला’ एवढेच सांगतो. नोंदीत ते पुरत नाही. पडद्याच्या छिद्रातून वाहणारा कान (एच ६६.१) आणि हाड कुरतडणारा, धोक्याचा प्रकार (एच ६६.२) यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या व पॅकेजही वेगळे. हा भेद, तसेच कान उजवा की डावा, हे डॉक्टरांनी केसपेपरवरच स्पष्ट लिहिणे अत्यावश्यक आहे. अन्यथा क्लेम ‘क्वेरी’त, म्हणजे योजनेकडून येणाऱ्या शंका-विचारणेत, अडकू शकतो.