मिसिंग कुठून येते: जुन्या गाडीच्या निदानाचा इतिहास

प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असते, तेव्हा त्यात दर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी १-३-४-२ या क्रमाने, नेमक्या सिलिंडरात, पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. त्यातली एखादी चुकली, अवेळी पडली किंवा वेळेवर पडूनही मिश्रणच पेटण्याजोगे नसले, तर तो स्ट्रोक वाया जातो. गाडी हिसके देते, घाटात दम तोडते, सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. गॅरेजात याला मिसिंग म्हणतात. जुन्या गाडीच्या दुखण्यांत हे सगळ्यात चकवणारे, कारण लक्षण एकच आणि कारणे डझनभर.

ते शोधण्याची रीत दर पिढीत बदलत गेली आहे. जी रीत एका काळच्या गाडीला अचूक लागू पडते, तीच दुसऱ्या काळच्या गाडीचे नुकसान करते. म्हणून हा इतिहास जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या रोजच्या कामाचा आहे.

विजेच्या ठिणगीने इंजिन पेटवण्याची कल्पना मोटारीपेक्षाही जुनी. एतिएन लेन्वारच्या १८६० सालच्या गॅस इंजिनात ती होती. पण ठिणगी हवी त्या क्षणी आणि दर वेळी पाडणे हे काम इतके अवघड होते, की डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांनी विजेचा नाद सोडून ज्योतीवर लाल केलेली नळी वापरली. त्यात टायमिंग असे काही नव्हतेच. मॅग्नेटोने, म्हणजे चुंबकाच्या जोरावर स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्राने, हा प्रश्न बराच सोडवला. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला, आणि आजचा प्लग त्याच घराण्यातला आहे.

निदानाच्या दृष्टीने मात्र पहिली खरी शाळा म्हणजे फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७. तिच्या डॅशबोर्डजवळ लाकडी पेटीत ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे चार कॉइल असत, दर सिलिंडरला एक, आणि प्रत्येकीवर गुणगुणणारी एक पट्टी. गाडी मिसिंग करू लागली की चालक इंजिन चालू ठेवून एकेक पट्टी बोटाने दाबून धरी. पट्टी दाबली की ती कॉइल बंद. इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. यंत्र नाही, मीटर नाही, फक्त बोट आणि कान. पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मिस्त्रींनी हीच परीक्षा वेगळ्या रूपात केली.

ते वेगळे रूप आले चार्ल्स केटरिंगच्या पद्धतीमुळे, जी १९१०च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये बसली. एक बॅटरी, एकच कॉइल, कॅमवर उघडझाप करणारे पॉइंट, म्हणजे विजेचा स्विच, त्यांना जोडलेला कंडेन्सर आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते, उघडले की ते कोसळते, आणि बारा व्होल्टची वीज हजारो व्होल्टची होऊन डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरमार्फत प्लगपर्यंत पोहोचते. भारतात विकल्या गेलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या पेट्रोल मोटारीत, म्हणजे फियाट, अॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड या सगळ्यांत, हीच रचना होती.

केटरिंगची रचना स्वस्त आणि साधी होती, पण तिचा प्रत्येक भाग झिजणारा. पॉइंटमधले अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. कॅमवर घासणारी टाच झिजली की हे अंतर कमी होते, आणि अंतराबरोबर टायमिंगही सरकते. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंटवर ठिणग्या उडून खड्डे पडतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळी, मलूल होते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक तडा गेला आणि त्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्याची ओल शिरली, की वीज तड्याच्या रेषेने दुसरीकडेच निघून जाते. अशी गाडी सकाळी मिसिंग करते आणि ऊन चढले की सुतासारखी सरळ चालते. पावसात तासभर बोनेट उघडून फडक्याने टोपी पुसणारे टॅक्सीवाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या रचनेबरोबर गॅरेजात एक पक्का क्रम तयार झाला: करंट येतोय का, पेट्रोल येतंय का, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, आहे का. आधी इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्याने फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. मग त्याचा प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि ठिणगी पाहायची. प्लगचे टोक स्वतःच बोलते. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओले म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल येते आहे, पांढरे पडलेले म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा उष्णता जास्त, फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक. शेवटी कॉम्प्रेशन गेज. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मला ही शेवटची परीक्षा या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. इंजिन न उघडता, चमचाभर ऑइलवर, आतली दोन दुखणी वेगळी होतात.

ही विद्या महाराष्ट्रात पसरली त्याला कारण कुर्ला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी गाड्या आणि पुढे फियाट ११०० बाहेर पडली. १९७०च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको या कंपनीने बॉशच्या परवान्याने प्लग भारतातच, बंगळूरला बनवले. पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या बाजारात रोटर, पॉइंट, टोपी सहज मिळत. एकच इंजिन हजारो टॅक्सींत असल्यामुळे त्याच्या खोडी मिस्त्रींना तोंडपाठ झाल्या.

एका खोडीचे मूळ मात्र गाडीत नव्हते, पेट्रोलमध्ये होते. इंजिनातली खटखट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालण्याचा शोध १९२१ मध्ये थॉमस मिजली याने जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत लावला, आणि त्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता तोच चार्ल्स केटरिंग. हे शिसे जळून प्लगच्या चिनी मातीवर साचे. इंजिन जोरात तापले की त्या थरातून वीज वाहू लागे आणि ठिणगी पडायच्या आधीच गळून जाई. म्हणून शहरात ठीक चालणारी गाडी महामार्गावर वेग घेताना मिसिंग करायची. ज्याने ठिणगी दिली, त्याच्याच प्रयोगशाळेने ती विझवणारे द्रव्यही दिले, आणि या द्रव्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या रक्तात शिसे भरले ते वेगळेच. भारतात चार महानगरांत १९९५ पासून बिनशिशाचे पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

प्लग स्वच्छ राहू लागले, पण जुन्या इंजिनांना दुसरेच दुखणे जडले. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (व्हॉल्व्ह मिटताना जिच्यावर टेकतो ती कड) यांच्यामध्ये वंगणासारखा काम करत होता. तो गेल्यावर मऊ लोखंडाच्या सीट झिजू लागल्या. त्याच सुमारास मुंबईच्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशांमुळे सीएनजीकडे वळल्या. गॅस कोरडा, त्यात पेट्रोलचा ओलावाही नाही, म्हणून सीटची झीज आणखी वाढली. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि सिलिंडर मरतो. शिवाय गॅसचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. पेट्रोलवर चालून जाणारी जुनी वायर किंवा दमलेली कॉइल गॅसवर लगेच उघडी पडते. म्हणून पद्मिनी सीएनजीवर मिसिंग करू लागली की जाणते मिस्त्री प्लगचे अंतर थोडे कमी करत आणि टॅपेट तपासत. गॅस किट सगळ्यात शेवटी खोलायला हवे होते, पण किटला दोष देणारे आधी तेच खोलत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपेपर्यंत हे चालू राहिले.

निदानाची रीत मुळापासून बदलली ती लॉस एंजलिसच्या धुरामुळे. अर्धवट जळलेले पेट्रोल आणि सूर्यप्रकाश यांतून तिथला विषारी धूर तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या आसपास दाखवले. त्यातून नियम आले आणि १९७५ पासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारी जाळी, आला. आता मिसिंगचा अर्थच बदलला. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळवते. तेव्हा कॅलिफोर्नियाने ठरवले की मिसिंग गाडीने स्वतःच ओळखले पाहिजे. १९९६ पासून अमेरिकेत सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ मध्ये, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः तपासण्याच्या नियमांत, हे कलम आहे.

त्यामागची युक्ती मॉडेल टीच्या बोटाइतकीच साधी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, आणि तीन हजार फेऱ्यांच्या वेगात त्या अर्ध्या फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. स्फोट चुकला की तेवढा अर्धा फेरा किंचित लांबतो. पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरचा सेन्सर हा फरक टिपतो, संगणक सिलिंडर ओळखतो आणि पी०३०१, पी०३०२ असा कोड साठवतो. अनेक सिलिंडर चुकत असतील तर पी०३००. कन्व्हर्टर जळण्याइतके मिसिंग असेल तर इंजिनाचा दिवा लुकलुकतो. खराब रस्त्यावर चाकांचे धक्केही क्रँकपर्यंत पोहोचून मिसिंगसारखे दिसतात, म्हणून कंपन्यांना खडबडीत रस्ता ओळखण्याची वेगळी सोय करावी लागली.

भारतात ही साखळी एका दमात आली नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. कन्व्हर्टर १९९५ ला महानगरांत आला, तेव्हा मारुती ८०० अजून कार्ब्युरेटरवरच, म्हणजे बारीक छिद्रांच्या जेटमधून पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागावर, होती. २०००च्या आसपास एमपीएफआय आले, म्हणजे संगणकाच्या हुकमाने दर सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरमधून पेट्रोल फवारण्याची पद्धत. ओबीडीचा पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा २०१३ पासून लागू झाला. पहिला टप्पा मुख्यतः वायरिंग तुटले आहे का हेच पाहणारा होता, मिसिंगवर नजर ठेवण्याची सक्ती दुसऱ्याने आणली. म्हणजे २००० ते २०१३ या काळातल्या कितीतरी गाड्या अशा, की त्यांत संगणक आहे, कन्व्हर्टर आहे, पण मिसिंग ओळखण्याची हमी नाही. आज ज्या गाड्यांना आपण जुन्या म्हणतो त्या बहुतेक याच. स्कॅनर लावला की कोड नाही असे उत्तर येते आणि इंजिन तर सरळ थरथरत असते. मग अंदाजाने कॉइल, प्लग, इंजेक्टर असे एकेक बदलत जातात आणि मालकाचा खिसा रिकामा होतो.

जुनी रीत इथे उपयोगी पडते, पण जशीच्या तशी नाही. चालू इंजिनात प्लगची वायर उपटणे आता धोक्याचे. वाट न सापडलेले हजारो व्होल्ट कॉइल किंवा इग्निशनचे मॉड्यूल जाळू शकतात, आणि न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. त्या सिलिंडरला पेट्रोलच मिळत नाही, आणि परीक्षा तीच राहते. दोषी सिलिंडर सापडला की त्याची कॉइल किंवा प्लग शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करायची. मिसिंग सामानाबरोबर सरकले तर दोष त्या सामानात, जागीच राहिले तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. त्या काळच्या अनेक चार सिलिंडर गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरांना, १ आणि ४ ला किंवा २ आणि ३ ला, ठिणगी देते. अशी जोडी एकदम मेली तर कॉइलवर संशय घ्यावा, जोडीतला एकच मेला तर आधी वायर आणि प्लग पाहावा. कोड मिळाला तरी तो फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०२ पाहून तडक नवी कॉइल बसवणारा मिस्त्री आणि टॅपेट न पाहता गॅस किट खोलणारा मिस्त्री यांची चूक एकच आहे.

सध्या या यादीत नवी भर पडली आहे ती इथेनॉलची. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला, २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असलेली गाडी हा फरक बऱ्याच अंशी स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटरला ते जमत नाही, म्हणून तेच जेट आता पातळ मिश्रण देतात आणि गाडी हलक्या अॅक्सिलरेटरवर अडखळते. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते, तो फिल्टर आणि जेटमध्ये येऊन बसतो. आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते हवेतली ओल ओढून घेते, पाणी तळाला वेगळे होते आणि सुरू करताच पहिले तेच इंजिनाकडे जाते. ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा जुनी मारुती हौसेने जपलेली आहे त्यांनी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या मिसिंगला पॉइंट आणि प्लगला हात लावण्याआधी कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे तसेच ठेवावे. तळाशी पाण्याची रेघ दिसली तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढच्या कुठल्याच तपासणीला अर्थ नाही.