पोरांची साहसपुस्तकं आली कुठून?

"आमचा मुलगा पुस्तकाला हातच लावत नाही" ही आजच्या पालकांची नेहमीची तक्रार. दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये तक्रार नेमकी उलटी होती. मुलगे फार वाचतात आणि नको ते वाचतात, असं तिथल्या पाद्र्यांचं, मास्तरांचं आणि पुढाऱ्यांचं म्हणणं होतं. मुलग्यांसाठी मुद्दाम लिहिलेली साहसकथा आज आपण ओळखतो त्या रूपात घडली, ती बरीचशी या काळजीपोटी.

1870 च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये गावोगाव प्राथमिक शाळा निघण्याची वाट मोकळी झाली. कष्टकऱ्यांची पोरं वाचायला शिकली आणि त्यांच्या हातात पडली ती एका पेनीला मिळणारी साप्ताहिक चोपडी. त्यांत दरोडेखोर नायक असत, तुरुंग फोडून पळणारे चोर असत, भुतं आणि खून तर ठासून भरलेले. चार-पाच पोरं मिळून एक अंक घेत आणि फाटेपर्यंत फिरवत. धार्मिक पत्रकं छापणाऱ्या 'रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी'ने यावर तोडगा काढला तो शहाणपणाचा होता. तिने चोपड्यांवर बंदी मागत बसण्याऐवजी त्याच किमतीचं, म्हणजे एक पेनीचं, 'बॉइज ओन पेपर' नावाचं साप्ताहिक काढलं. त्याचा पहिला अंक 18 जानेवारी 1879 चा.

त्या अंकाच्या सुरुवातीलाच एका मुलाच्या पहिल्या फुटबॉल सामन्याची गोष्ट होती, चिखलासकट आणि धडपडण्यासकट. संपादक जॉर्ज हचिसन यांना संस्थेच्या समितीशी सतत झगडावं लागलं. समितीला प्रत्येक पानावर उपदेश हवा होता आणि हचिसन यांना ठाऊक होतं की उपदेशाचा वास आला की पोरगं अंक मिटवतं. ते साप्ताहिकही उपदेशातून पुरतं सुटलं नाही, पण तोल त्यांनी गोष्टीच्या बाजूने ठेवला. पुढे मासिक झालेलं हे साप्ताहिक 1967 पर्यंत चाललं. मुलांचं मासिक चालवू पाहणाऱ्या कोणालाही हा झगडा ओळखीचा वाटेल. आपल्याकडेही 'बोध काय?' हा प्रश्न गोष्ट संपायच्या आत विचारला जातो.

पण साहसकथेला खरी ताकद आली ती दुसऱ्याच एका भांडणातून, आणि ते याच्याही आधीचं आहे. 1812 मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हीस नावाच्या पाद्र्याची एक कथा छापली गेली. जहाज फुटून एक कुटुंब बेटावर अडकतं. बाप दर प्रसंगी मुलांना निसर्गाचे धडे देतो, आणि त्या एकाच बेटावर पेंग्विनही सापडतात आणि कांगारूही. कॅप्टन फ्रेडरिक मॅरिएट यांच्या मुलांना ती कथा इतकी आवडली की त्यांनी बापाकडे पुढचा भाग मागितला. मॅरिएट यांची हयात आरमारात गेलेली. त्यांनी पुस्तक वाचलं, तर त्यातली नौकानयनाची आणि भूगोलाची माहिती पाहून ते वैतागले. पुढचा भाग लिहायचं सोडून त्यांनी 1841 मध्ये स्वतःचीच बेटावरची कथा लिहायला घेतली आणि प्रस्तावनेत कारणही सांगून टाकलं. मुलांसाठी लिहितो म्हणून काहीही चालेल हे त्यांना मान्य नव्हतं. मला या सगळ्या इतिहासात हा क्षण फार मोलाचा वाटतो.

हीच गोष्ट रॉबर्ट बॅलंटाइन यांना वेगळ्या रीतीने शिकावी लागली. एडिनबरोचा हा गृहस्थ सोळाव्या वर्षी 'हडसन्स बे कंपनी'त नोकरीला लागून कॅनडाच्या बर्फात राहिला होता. त्या अनुभवावरची त्याची पुस्तकं भक्कम होती. मग त्याने पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटावर अडकलेल्या तीन मुलांची कथा लिहिली. ती 1857 च्या अखेरीस आली आणि तुफान चालली. तिच्यात मोठं माणूस कोणीच नव्हतं: राल्फ, जॅक आणि पीटरकिन, बस्स. हा मोठाच बदल होता, कारण तोवर बेटावरसुद्धा शिकवायला बाप नाहीतर म्हातारा खलाशी हजर असे. पण बॅलंटाइन त्या समुद्राकडे कधी गेला नव्हता. त्याच्या मुलांना झाडावरचा नारळ मिळतो तो सोललेला, इंग्लंडच्या बाजारात दिसतो तसा, करवंटीसकट पण सोडणाशिवाय. कोकणातलं पाच वर्षांचं पोर हसेल अशी ही चूक. ती ध्यानात आल्यावर त्याने ठरवलं की यापुढे शक्य तेवढं स्वतः पाहून लिहायचं. तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या बेल रॉक दीपगृहात जाऊन राहिला, लंडनच्या अग्निशामक दलाबरोबर बंबावरून गेला, कॉर्नवॉलच्या खाणीत उतरला. यातली काही पुस्तकं आज वाचवत नाहीत, पण आग विझवणाऱ्या माणसाच्या हातातलं काम मात्र त्यांत दिसतं.

बेल रॉकचं ते दीपगृह बांधलं होतं रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याने. त्याच्याच नातवाने, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने, पुढे साहसकथेचं सगळं चित्र पालटलं. 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पाऊस थांबेना. घरात तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसला होता. त्याच्याबरोबर रंगवता रंगवता स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला. बेट आवडलं, खाड्यांना नावं दिली, आणि नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावू लागली. दिवसाला एक या चालीने पंधरा प्रकरणं झाली. संध्याकाळी तो ती घरच्यांना वाचून दाखवी. ऐकणाऱ्यांत त्याचे वडील थॉमस होते, दीपगृहं बांधणारे करड्या शिस्तीचे गृहस्थ. तेच या गोष्टीत लॉइडपेक्षा जास्त गुंतले. मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडतं याची यादी त्यांनी दिवसाचा बराचसा वेळ घालवून एका लखोट्याच्या पाठीवर करून दिली आणि मुलाने ती जशीच्या तशी पुस्तकात घेतली. पंधरा प्रकरणांनंतर गाडं अडलं. उरलेली कथा हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला पुरी झाली.

एका मुलांच्या साप्ताहिकात ती टोपणनावाने क्रमशः आली तेव्हा तिचं फारसं कौतुक झालं नाही. 1883 मध्ये 'ट्रेझर आयलंड' या नावाने पुस्तक निघालं आणि लेखकाला त्याचे शंभर पौंड मिळाले. मूळ नकाशा मात्र प्रकाशकाकडे जाता जाता गहाळ झाला. मग पुस्तकातली अंतरं आणि दिशा जुळवत वडिलांच्या कचेरीत दुसरा काढावा लागला. या पुस्तकातला लंगडा समुद्री चाचा दुष्ट आहे, गोड बोलणारा आहे, शूर आहे आणि शेवटी शिक्षा न होता निसटतो. हचिसनच्या समितीला हे कधीच पटलं नसतं. मुलांना मात्र पटलं, कारण अशी माणसं त्यांनीही पाहिलेली असतात.

याच काळात या प्रवाहाला एक वाईट वळणही लागलं आणि त्याचा धागा थेट आपल्या अंगणात येतो. जी. ए. हेन्टी हा युद्धवार्ताहर. त्याने मुलग्यांसाठी शंभराहून जास्त पुस्तकं पाडली, बहुतेक साम्राज्याच्या लढायांवर, आणि त्याच्या प्रस्तावना लाडक्या पोरांना उद्देशून असत. 1902 च्या त्याच्या एका पुस्तकाचा विषय आहे मराठ्यांशी झालेली युद्धं. इंग्रज बाळाचे आईबाप मराठ्यांच्या हल्ल्यात मरतात, मराठी आया त्याला आपल्या माणसांत नेऊन वाढवते, आणि मराठी उत्तम बोलणारा तो मुलगा मोठेपणी कंपनीच्या कामी येतो. नाना फडणवीसांचं पुणे त्यात आहे, पण ते जिंकायचं शहर म्हणून. सनावळ्या आणि मोहिमा अभ्यासून लिहिल्या तरी माणसं खोटी असली की पुस्तक कसं शिळं होतं, ते हेन्टी वाचताना कळतं. नायकाच्या पलीकडे कोणालाही स्वतःचं मन नाही.

फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नने उलटं केलं. त्याचा पाणबुडीतला कॅप्टन शेवटी निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र, 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. व्हर्न काही निर्दोष नव्हता. 1880 च्या त्याच्या कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती भारतभर फिरतो आणि तिथे नानासाहेब पेशवे खलनायक होऊन येतात. तरीही पाणबुडीचा तो हिंदी कॅप्टन आपल्या मुलांना जवळचा वाटला यात नवल नाही.

अमेरिकेने या सगळ्याचा कारखाना केला. एडवर्ड स्ट्रेटमायरच्या कंपनीकडून कथानकाचा आराखडा यायचा आणि भाडोत्री लेखक पुस्तक लिहून द्यायचा. 1927 पासून निघालेल्या दोन भावांच्या हेरकथांचे सुरुवातीचे बरेच भाग लेस्ली मॅकफार्लेन या कॅनडातल्या पत्रकाराने लिहिले, पहिल्याचा मोबदला 125 डॉलर, वर एक पैसाही नाही. नाव कव्हरवर भलत्याचंच.

बंगालमधलं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. 1937 मध्ये विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची आफ्रिकेतल्या साहसाची कादंबरी पुस्तकरूपात आली. बंगाली खेड्यातला शंकर आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीला जातो, सिंहाशी गाठ पडते, हिऱ्यांच्या शोधात वाळवंटात भरकटतो. विभूतिभूषण आफ्रिकेत कधीच गेले नव्हते. त्यांनी प्रवाशांची वर्णनं मन लावून वाचली होती आणि स्वतः रानात राबलेले असल्याने जंगलात एकट्या माणसाला काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. बॅलंटाइनने काढलेला निष्कर्ष म्हणूनच अर्धा बरोबर. जाऊन पाहणं उत्तम, पण न जाताही वस्तूशी इमान राखता येतं.

मराठीत मुलांसाठीचं गद्य 1828 पासून आहे. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी इसापनीती आणि 'बाळमित्र' मराठीत आणलं. 1872 मध्ये मिशनऱ्यांचं 'बालबोधमेवा' निघालं, 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद'. बोधाचं पारडं मात्र बराच काळ जड राहिलं. साहसाची हौस पोरं मोठ्यांच्या पुस्तकांतून भागवत. नाथमाधवांची 'वीरधवल' ही 1913 ची अद्भुत कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी चोरून वाचली. नाथमाधव शिकारीला गेले असताना सिंहगडावरून कोसळले होते आणि कमरेखालून लुळे झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. पुढे ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला. तो अनाथ पण हुशार, लोकांच्या मनात घर करणारा. त्याचं धाडस घराच्या आणि गावाच्या परिघातलं.

घराबाहेर पडला तो बनेश फेणे. 1910 मध्ये इंदूरला जन्मलेले भा. रा. भागवत 'बालमित्र' मासिकाचे संपादक. व्हर्न मराठीत आणण्याचं मोठं काम त्यांनी केलं होतं. अनुवादातून साहसाचं यंत्र आतून पाहिलेल्या या माणसाने फास्टर फेणे घडवला तो मात्र अस्सल इथला. गाव पुण्याजवळचं फुरसुंगी, शाळा पुण्यातली विद्याभवन, अंगकाठी किरकोळ, वाहन सायकल, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडून 'ट्टॉक'. कधी प्रतापगड तर कधी काश्मीर, पण पाय जमिनीवर. भागवतांनी त्याला वसतिगृहात ठेवलं, त्यामुळे आईबापांच्या परवानगीचा प्रश्नच मिटला. बॅलंटाइनला त्यासाठी जहाज बुडवावं लागलं होतं. फेणेची बहीण माली अनेकदा बरोबर असते. मुलग्यांची म्हणून ओळखली जाणारी ही पुस्तकं मुलींनीही तेवढ्याच हावरेपणाने वाचली, आणि इंग्लंडमध्येही तसंच घडलं होतं. 'मुलग्यांसाठी' ही पाटी मुळात विक्रेत्याच्या सोयीची.

पुढे 1971 मध्ये बालभारतीचं 'किशोर' निघालं आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत चांगल्या कथा पोचल्या. 1980 च्या दशकात सुमीत राघवनने दूरदर्शनवर फेणे साकारला. 2017 च्या चित्रपटात तो तरुण होऊन आला, मोठ्यांच्या जगातला गुन्हा शोधत. चित्रपट चालला याचा आनंद आहे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी त्याच्याच वयाचा नायक पडद्यावर यायचा राहिला, ही खंतही आहे.

आज मराठीत कोणी असं पुस्तक लिहायला बसलं तर पहिली अडचण खिशातल्या मोबाइलची. संकटात सापडलेला मुलगा एक फोन करून सुटतो आणि गोष्ट तिसऱ्या पानावर संपते. सगळ्या कथा शिवकाळात नेऊन ठेवणं हा त्यावरचा सोपा तोडगा, आणि बरेच जण तोच करतात. सह्याद्रीत फिरणाऱ्या कोणालाही मात्र माहीत आहे की घाटवाटेने एका सोंडेवरून खाली नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, उतरलं की रेंज जाते, पाण्याची बाटली अर्धी उरलेली असते आणि अंधार पडायला दीड तास असतो. बारा वर्षांच्या दोघा-तिघांना तिथे आणून सोडायला जहाज बुडवायची गरज नाही. ती नाळ लेखकाने एकदा उतरलेली असावी, किंवा उतरलेल्यांना खोदून खोदून विचारलेलं असावं.