प्लंजर पंप निवडायचा तर नोझलपासून मागे या

गाळप हंगाम सुरू झाला की काही दिवसांतच साखर कारखान्याच्या इव्हॅपोरेटरमधल्या, म्हणजे उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या रांगेतल्या, नळ्यांना आतून स्केल (क्षारांचा थर) धरू लागतं. शेवटच्या बॉडीत, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या भांड्यात, सिलिका आणि कॅल्शियमचा थर इतका कडक बसतो की कॉस्टिक सोडा उकळूनही तो पुरता सुटत नाही. मग उच्च दाबाच्या पाण्याने एकेक नळी मारून काढावी लागते. हे काम ट्रिप्लेक्स प्लंजर पंपाचं, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या तीन दांड्यांनी (प्लंजरनी) पाणी ढकलणाऱ्या पंपाचं. तो घेताना पहिला प्रश्न हमखास येतो, "किती बारचा?" (बार हे दाबाचं एकक, हवेचा दाब साधारण एक बार.) एवढ्यावर पंप निवडता येत नाही.

प्लंजर पंप मुळात दाब तयार करत नाही. दर फेऱ्याला तो ठरावीक पाणी पुढे ढकलतो. त्या पाण्याला बाहेर पडायची वाट जितकी अरुंद, तितका दाब चढतो. त्यामुळे हिशेब नोझलपासून सुरू करावा.

समजा 700 बार हवेत आणि नोझलला 1 मिमीची दोन छिद्रं आहेत. या दाबाला पाणी सेकंदाला सुमारे 370 मीटर वेगाने सुटतं आणि दोन्ही छिद्रांतून मिळून मिनिटाला साधारण 34 लिटर जातं. आता पंप बघू. 22 मिमीचे तीन प्लंजर, 70 मिमी स्ट्रोक (प्लंजर एका वेळी सरकतो ते अंतर) आणि मिनिटाला 450 फेरे धरले, तर कागदावर 36 लिटर येतात. व्हॉल्व्ह आणि पॅकिंगमधली (प्लंजरभोवतीच्या सीलमधली) तूट वजा करून 34 हाती लागतात. बार गुणिले लिटर, भागिले 600 केलं की किलोवॅट मिळतात: सुमारे 40. पंप आणि पट्ट्यातलं नुकसान धरून 44. इथे 45 किलोवॅटची मोटर बसवण्याचा मोह टाळा, 55 म्हणजे 75 एचपीची घ्या.

नोझल झिजलं की काय होतं तेही याच हिशेबात दिसतं. छिद्र 1 मिमीचं 1.1 झालं, तर क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. पंप पाणी तेवढंच देतो, पण दाब 700 वरून जेमतेम 480 वर येतो. अशा वेळी लोक पंप उघडून बसतात, आणि बदलायचं असतं फक्त नोझल.

तेवढंच पाणी आखूड स्ट्रोकचा, जास्त फेऱ्यांचा पंपही देतो, आणि तो स्वस्त पडतो. पण 450 फेऱ्यांनासुद्धा प्रत्येक व्हॉल्व्ह तासाला 27,000 वेळा सीटवर आपटतो. फेरे दुप्पट केले की आपटणंही दुप्पट, आणि पॅकिंग तापतं ते वेगळंच. पाळीभर चालवायचा असेल तर संथ पंपच घ्यावा. प्लंजर तीन किंवा पाच असावेत. चार घेतले तर प्रवाहाची धडधड तीनपेक्षाही वाढते, सम संख्येचा हा दोष आहे.

आमच्या मते पंप सर्वांत जास्त मार खातो तो सक्शनला, म्हणजे पाणी आत घेण्याच्या बाजूला. कारखान्यात गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) मुबलक असतं, म्हणून तेच पंपाला जोडलं जातं. 80 अंशांना पाण्याची वाफ होण्याचा दाबच 0.47 बार असतो. म्हणजे पाणी पंपात लोटणाऱ्या हवेच्या दाबातला जवळजवळ निम्मा हिशेबातून गेला. प्लंजर मागे सरकला की सिलिंडरमध्ये बुडबुडे होतात आणि पुढे येताना ते फुटतात. डब्यात खडी हलवल्यासारखा आवाज येतो. पंप उघडला तर व्हॉल्व्ह सीटवर बारीक खड्डे पडलेले दिसतात. कंडेन्सेट आधी थंड करा. सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा, आखूड आणि कमीत कमी बेंडचा ठेवा. मागे 2 ते 3 बारचा बूस्टर पंप (मुख्य पंपाला दाबाने पाणी पुरवणारा छोटा पंप) आणि 10 मायक्रॉनचा फिल्टर लावा. फिल्टर चोंदला की बुडबुड्यांचा तोच त्रास सुरू होतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दाब दाखवणारे गेज हवेतच. पंप कोरडा चालून सिरॅमिक प्लंजर तापला आणि त्यावर थंड पाणी आलं, तर तो तडकतो.

डिलिव्हरी लाइन (पाणी बाहेर नेणारा पाइप) बंद झाली तरी प्लंजर ढकलतच राहतो. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह पंपालगत हवा आणि मध्ये कुठलाही बंद होणारा व्हॉल्व्ह नको.

कोटेशन मागवताना बारसोबत प्लंजरचा व्यास, स्ट्रोक, फेरे आणि सतत चालण्याचं रेटिंग लिहून घ्या. पॅकिंगचा आणि व्हॉल्व्ह-सीटचा एकेक जादा संच गाळपाआधीच स्टोअरमध्ये आणून ठेवा. क्रँककेसमधलं (प्लंजर हलवणाऱ्या यंत्रणेच्या पेटीतलं) तेल दुधाळ दिसलं, तर पाणी आत उतरलं आहे असं समजून पंप त्याच दिवशी थांबवा.