कार्यक्रमात मोबाईलला कुलूप : आयोजकांसाठी आणि प्रेक्षकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

चौकशीला येणारे बहुतेक आयोजक आम्हाला एकच गोष्ट विचारतात, "हॉलमध्ये एखादं मशीन बसवा ना, गाणं सुरू झालं की सगळ्यांचे कॅमेरे आपोआप बंद." तसे मशीन आज बाजारात मिळत नाही. मिळते ती कुलपाची पिशवी : प्रेक्षकाचा फोन आत बंद, आणि पिशवी त्याच्याच हातात. ती चालते कशी आणि सोलापुरात ती वापरायची तर काय तयारी करावी लागते, हे या पत्रकात लिहिले आहे. बुकिंग करण्याआधी सावकाश वाचावे आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही वाचायला द्यावे.

आम्ही मूळचे गणवेश शिवणारे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. गाण्या-नाटकाची ओढ घरातलीच, त्यामुळे अशा पिशव्या भाड्याने देण्याचे काम हाती घेतले. ख्याल रंगात येतो आणि नेमक्या त्या वेळी पुढच्या रांगेत पाच-सहा पडदे उजळतात. मागे बसलेल्याला गायक दिसत नाही, गायकाला श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहीत. एखादी नवी बंदिश गायक पहिल्यांदाच मांडत असेल, तर तिचा अर्धामुर्धा, फाटक्या आवाजातला तुकडा रात्रीच सगळीकडे पोहोचतो. हे थांबायला हवे असे आम्हाला मनापासून वाटते. नाटकवाल्यांचीही हीच तक्रार आहे. अभिनेते सुबोध भावे यांनी 2019 मध्ये जाहीरपणे म्हटले होते की, प्रयोगात मोबाईलचा त्रास असाच होत राहिला तर नाटकात काम करणे थांबवावे लागेल.

मशीनबद्दल जे ऐकायला मिळते त्याविषयी

अॅपलच्या नावाने फिरणारी बातमी पूर्ण खोटी नाही. कॅमेऱ्याला अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) किरणांतून संदेश देण्याच्या पद्धतीचे पेटंट त्या कंपनीला जून 2016 मध्ये अमेरिकेत मिळाले. कल्पना अशी की रंगमंचाजवळ अवरक्त किरण सोडणारे यंत्र ठेवायचे, फोनच्या कॅमेऱ्याने ते किरण ओळखायचे आणि चित्रीकरण बंद करायचे. त्याच पद्धतीने संग्रहालयात एखाद्या वस्तूची माहिती फोनवर दाखवता येईल, असेही पेटंटमध्ये आहे. पण पेटंट मिळणे वेगळे आणि वस्तू दुकानात येणे वेगळे. ही सोय फोनमध्ये आलेली नाही. शिवाय ती फोन बनवणाऱ्यानेच आत घालावी लागते. बाहेरून कुणी कितीही किरण सोडले तरी तुमच्या-आमच्या फोनला त्या संदेशाचा अर्थ कळत नाही. नुसत्या अवरक्त दिव्यांनी चित्र पांढरे पाडायचे म्हटले, तर बहुतेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर ते किरण अडवणारी गाळणी असते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा जांभळट ठिपका दिसतो, मागच्यात सहसा तो दिसत नाही किंवा अगदी फिका दिसतो.

जॅमरची, म्हणजे मोबाईलचे सिग्नल अडवणाऱ्या यंत्राची मागणीही होते. जॅमर आम्ही देत नाही आणि तुम्हीही दुसरीकडून घेऊ नये. भारतात खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला जॅमर विकत घेता किंवा वापरता येत नाही. दूरसंचार विभागाने 2022 मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य. जॅमर नेटवर्क तोडतो, आणि चित्रीकरणाला नेटवर्क लागतच नाही. माणूस निवांत शूटिंग करील आणि घरी जाऊन टाकील. मधल्या वेळात हॉलमध्ये कुणाच्या छातीत दुखले तर 112 ला फोन मात्र लागणार नाही.

दिव्यांची पद्धत थोडी वेगळी आहे. फोनचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. एलईडी दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असेल, तर चित्रात आडवे पट्टे उमटतात. एलईडी पडद्याचे शूटिंग करताना हे तुम्ही पाहिले असेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये ह्याच तत्त्वावर, मुद्दाम चित्र बिघडवणारा दिवा करून दाखवला. बंद खोलीतल्या चित्रासाठी किंवा मूर्तीसाठी तो उपयोगी पडेल. रंगमंचावर दहा प्रकारचे दिवे एकत्र असतात, त्यामुळे तिथे आम्ही त्याच्यावर विसंबणार नाही.

उरतो तो जुना, सरळ उपाय : फोन कुलपात, आणि कुलूपबंद फोन ज्याचा त्याच्याच हातात. 2014 मध्ये ग्रॅहम डुगोनी यांनी अमेरिकेत ‘योंडर’ नावाची कंपनी काढून अशा पिशव्या सुरू केल्या. अमेरिकन गायक जॅक व्हाइट यांनी 2018 च्या दौऱ्यात त्या वापरल्या, गायक बॉब डिलन यांच्या कार्यक्रमांतही त्या वापरल्या गेल्या आहेत. त्या कंपनीशी आमचा संबंध नाही. पिशवी आमची, शिवण आमची.

पिशवी कशी आहे

बाहेरून जाड कॅनव्हास, आतून सोलापुरी टेरी टॉवेलचे अस्तर. अस्तराची निवड विचार करून केली आहे. पडद्यावर ओरखडा येत नाही आणि घामाचा हात लागलेला फोन आत कोरडा राहतो. मार्च ते मे आपल्याकडे काय उकाडा असतो ते सांगायला नको. आतली जागा 19 सेंटिमीटर लांब आणि 11 सेंटिमीटर रुंद. कव्हर घातलेला मोठा फोनही त्यात बसतो. कडेची शिवण दुहेरी, तोंडाजवळ तिहेरी, कारण ताण तिथेच येतो.

कुलपाचे तत्त्व सोलापूरच्या कापड दुकानदारांना ओळखीचे आहे. मोठ्या दुकानात शर्टाला जी प्लास्टिकची चकती टोचलेली असते आणि बिल झाल्यावर काउंटरवर ‘टक्’ करून निघते, तिच्यासारखेच हे आहे. तोंडाच्या एका पाखावर खिळा, दुसऱ्या पाखावर बोंडाएवढी डबी. डबीत निमुळत्या खोबणीत तीन बारीक पोलादी गोळ्या असतात आणि स्प्रिंग त्यांना वर दाबून धरते. खिळा आत गेला की गोळ्या त्याला आवळतात, आणि बाहेर ओढाल तितक्या जास्त आवळतात. उघडायला आमच्या चुंबकी तबकडीवर डबी टेकवायची. चुंबक गोळ्या खाली खेचतो, खिळा सुटतो. बॅटरी नाही, अॅप नाही, तुमच्या फोनमधली कसलीही माहिती आम्ही घेत नाही.

फोन आत चालूच राहतो. कंपन हाताला जाणवते, मनगटावरच्या घड्याळात कॉलची सूचना येते. सिग्नल अडवणारे धातूचे अस्तर लावा असे काही जण सुचवतात. ते आम्ही जाणूनबुजून टाळले. नेटवर्क सापडत नसले की फोन जास्त जोर लावून शोधत राहतो, त्यात बॅटरी लवकर संपते. आणि घरी तान्हे मूल ठेवून आलेल्या बाईला फोन वाजल्याचे कळायलाच हवे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्याला फसवायचेच आहे तो खिशात दुसरा फोन आणेल, किंवा ताकदीचा चुंबक बाळगेल. आम्ही कुणाची झडती घेत नाही. आमचा अनुभव असा की चित्रीकरण करणारी बहुतेक माणसे वाईट हेतूने करतच नाहीत. शेजारच्याने फोन काढला म्हणून तेही काढतात. पिशवी ती साखळी तोडते.

गेटवरची व्यवस्था : इथेच कार्यक्रम बिघडतो किंवा सावरतो

हुतात्मा स्मृती मंदिर असो, फडकुले सभागृह असो किंवा रंगभवन, हिशेब सारखाच. एका माणसामागे दहा सेकंद धरा. 600 प्रेक्षकांना 6000 सेकंद, म्हणजे एका टेबलावर एक तास चाळीस मिनिटे. चार टेबले लावली तर पंचवीस मिनिटे. आपल्याकडे निम्मी माणसे शेवटच्या पंधरा मिनिटांत येतात, त्यामुळे चाराच्या ठिकाणी सहा टेबले मागून घ्यावीत. कंजूषी करायची तर जाहिरातीच्या फलकात करा, टेबलांत करू नका.

तिकीट आधी, पिशवी नंतर. हा क्रम चुकला की पंचाईत होते, कारण हल्ली तिकीट फोनमध्येच असते. पिशवी बंद झाल्यावर क्यूआर कोड दाखवणार कसा? म्हणून तिकीट तपासणारा माणूस पुढे आणि आमचे टेबल त्याच्या दहा पावले मागे. रांग एकच ठेवावी.

मध्यंतराचा चहा हा दुसरा पेच. भजी-चहाच्या स्टॉलवर आता बहुतेक जण फोननेच पैसे देतात. फोन कुलपात असला तर स्टॉलवाल्याचे नुकसान आणि प्रेक्षकाची चिडचिड. प्रवेशद्वाराजवळ फोन बंद होण्याआधीच चहाची कुपने विकावीत, किंवा स्टॉलवाल्याला सुट्ट्या पैशांसह बसायला सांगावे. तिकिटावर "थोडी रोख सोबत ठेवा" एवढी ओळ छापली तरी खूप फरक पडतो.

आमची मुले गेटवर मराठी, कानडी, तेलुगू आणि हिंदी बोलतात. सोलापुरात हे लागतेच. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत "आजोबा, फोन तुमच्याकडंच राहणार आहे, आम्ही घेत नाही" असे सांगितले की तो लगेच तयार होतो. नाराजी बहुतेक वेळा फोन हिसकावून घेणार या भीतीची असते.

बाहेर पडताना सगळे एकदम येतात. त्यासाठी तबकड्या दरवाजाच्या आत ठेवायच्या नाहीत, मोकळ्या आवारात ठेवायच्या, म्हणजे दारात कोंडी होत नाही. आग किंवा चेंगराचेंगरीसारखा प्रसंग आला तर कुणीही पिशवी उघडण्यासाठी थांबायचे नाही. पिशवीसकट बाहेर पडायचे. कात्रीने कॅनव्हास कापला तरी चालेल, आम्ही पैसे मागणार नाही. हॉलमध्ये प्रत्येक बाजूला किमान एका स्वयंसेवकाचा फोन कायम मोकळा असला पाहिजे. ही आमची अट आहे. ती मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही.

प्रेक्षकांना हे आधी कळवा

• मध्येच फोन करायचा असेल तर प्रेक्षागृहाबाहेर ‘फोन कोपरा’ असेल. तिथे पिशवी उघडून मिळेल, बोला, पुन्हा बंद करून आत या. कितीही वेळा.

• छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबकी तबकडीपासून किमान 15 सेंटिमीटर दूर राहावे. पिशवी आमच्या माणसाकडे द्यावी, तो उघडून देईल. काळी पट्टी असलेले बँकेचे कार्डही तबकडीवर ठेवू नये, पट्टीवरची माहिती पुसली जाऊ शकते.

• मधुमेहाच्या सेन्सरचे आकडे किंवा कानाचे यंत्र फोनवर चालत असेल तर टेबलावर सांगावे. अशांना वेल्क्रोची पिशवी मिळते, ती स्वतः उघडता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची मागणी आम्ही करत नाही. माणूस सांगतो ते आम्ही खरे धरतो.

कायद्याविषयी थोडेसे

"चित्रीकरण केल्यास गुन्हा दाखल होईल" असा फलक मंडळे लावतात. सरसकट तसे लिहू नये. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये 1994 च्या दुरुस्तीने कलाकारांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, 2012 मध्ये तो आणखी भक्कम झाला. पण त्याच कायद्याच्या कलम 39 नुसार, स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. ते कलाकाराच्या संमतीशिवाय लोकांपुढे टाकले की प्रश्न सुरू होतो. सिनेमागृहात पडद्यावरचा चित्रपट टिपणे वेगळे. त्यासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 च्या दुरुस्तीने तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला आहे, आणि तो नियम गाण्याच्या कार्यक्रमाला लागू नाही. म्हणून धाक घालण्यापेक्षा "या कार्यक्रमात फोन पिशवीत ठेवणे ही प्रवेशाची अट आहे" असे तिकीट विकतानाच स्पष्ट छापावे. दारात आल्यावर अट सांगितली तर भांडण होणार, आणि त्यात प्रेक्षकाची बाजू खरी असेल.

आठवण राहावी म्हणून काय करता येईल

"मग आम्ही आठवण काय नेणार?" हा प्रेक्षकांचा प्रश्न रास्त आहे. फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांनी एक अभ्यास केला होता. संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो लोकांनी काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. बारकाव्यासाठी झूम करून फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तशी घट दिसली नाही. हा अभ्यास वस्तूंचा आहे, गाण्याचा नाही, म्हणून आम्ही तो ताणत नाही. पण आयोजकांना आमची आग्रहाची सूचना आहे : कलाकाराच्या संमतीने एक चांगला कॅमेरा लावा, साउंडवाल्याकडून थेट आवाज घ्या आणि कलाकार म्हणतील तेवढा भाग तिकीटधारकांना नंतर पाठवा. सुरुवातीला दीपप्रज्वलन आणि सत्काराच्या वेळी फोटोंना मोकळीक द्यायची असेल, तर पिशव्या त्यानंतर बंद करता येतात. त्यासाठी आमची माणसे रांगांमधून फिरतात आणि दहा-पंधरा मिनिटे जादा लागतात.

पिशवी कुठे घेऊ नये

घरगुती बैठक, पन्नास-साठ माणसे, सगळे ओळखीचे : तिथे आमचा खर्च कशाला? यजमानांनी दोन शब्द सांगितले तरी पुरते. फार तर कॅमेऱ्यावर लावायचे गोल स्टिकर घ्या. बर्लिनमधले काही क्लब दारातच असे स्टिकर लावतात. स्टिकर आम्ही नाममात्र किमतीत देतो, काचेवर डिंक राहत नाही.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्यासारख्या खुल्या यात्रेत, गणपतीच्या मंडपात किंवा जिथे माणसे सतत ये-जा करतात तिथेही पिशवी चालत नाही. एक दार आणि ठरलेली वेळ या दोन गोष्टी लागतात. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही आम्ही सहसा नको म्हणतो. आपल्या लेकराचा नाच टिपायला आलेल्या आईबापांचा फोन बंद करणे आम्हाला पटत नाही.

बुकिंग करताना

कार्यक्रमाची तारीख, हॉल, अपेक्षित प्रेक्षकसंख्या आणि दारे किती उघडी राहणार, एवढे सांगावे. कलाकारांची फोनविषयी स्वतःची काही अट असेल तर तिची प्रत द्यावी. भाडे पिशव्यांच्या संख्येवर आणि माणसांच्या संख्येवर ठरते, सोलापूर शहराबाहेर पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटपर्यंत प्रवासखर्च वेगळा. प्रेक्षकांकडून अनामत घेऊ नये. हरवलेल्या पिशव्यांचा हिशेब आयोजक आणि आम्ही आपसात करतो. प्रत्येक पिशवीवर क्रमांक भरतकामाने घातलेला असतो, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर अर्ध्या तासात मोजणी होते. चुकून कुणी पिशवी घरी नेली, तर ती हॉलच्या व्यवस्थापकाकडे द्यावी, आम्ही तिथून घेऊन जाऊ.