जुना पीसी आणि स्वस्त ग्राफिक्स कार्ड: जमलेली जोडी तुटली कशी

जुन्या गेमिंग पीसीसाठी परवडणारं ग्राफिक्स कार्ड शोधायला लागलं की हल्ली आधी वेगळेच प्रश्न समोर येतात. मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटात बसतं त्याची, कितवी पिढी आहे? बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार ही सोय चालू होते का? पॉवर सप्लायला आठ पिनांचं कनेक्टर आहे का? कार्ड किती वेगवान आहे, हे त्यानंतर. पूर्वी इतकी चौकशी करावी लागत नसे. स्वस्त कार्डांचा मोठा गिऱ्हाईक जुन्या पीसीचा मालकच होता आणि बरीचशी कार्डं त्याला सहज चालून जायची. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र स्वस्त कार्डात जे छाटलं जातं, ते नेमकं जुन्या पीसीवाल्यालाच नडतं.

छाटणी तशी नवी नाही. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणलं आणि पुढच्याच वर्षी जीफोर्स २ एमएक्स हे स्वस्त भावंड काढलं. त्यात चित्राचे ठिपके रंगवणाऱ्या पिक्सेल पाइपलाइन चारच्या दोन झाल्या होत्या, पण ट्रान्सफॉर्म अँड लायटिंगची, म्हणजे त्रिमितीय दृश्याचा आणि प्रकाशाचा हिशेब कार्डानेच करण्याची, सोय शाबूत होती. म्हणजे वेग कमी, क्षमता तीच. स्वस्त कार्ड कसं असावं याचा हा उत्तम नमुना होता, आणि दोनच वर्षांत तो मोडला. २००२ च्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये नाव नव्या पिढीचं आणि आतली रचना जुन्या पिढीची होती. २००१ च्या जीफोर्स ३ मध्ये असलेली प्रोग्रॅमेबल शेडरची, म्हणजे गेम बनवणाऱ्याने लिहिलेले रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्रॅम चालवण्याची, सोय या 'चार नंबर'च्या कार्डात नव्हतीच. शेडर सक्तीचे असलेले गेम आले तेव्हा ते या कार्डावर सुरूच होईनात. पाठोपाठ २००३ मध्ये एफएक्स ५२०० आलं. त्याला डायरेक्टएक्स ९ (गेम आणि कार्ड यांना जोडणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) येत होतं, पण ते वापरून गेम खेळण्याइतका दम नव्हता. नावावर जाऊ नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

त्याच सुमारास स्लॉटही बदलला. १९९७ पासून रुळलेल्या एजीपी या ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या जागी २००४ मध्ये मदरबोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस आलं. एजीपीवाल्यांची पंचाईत झाली, कारण नवं कार्ड जुन्या स्लॉटात बसतच नाही. जीफोर्स ६६०० जीटी मुळात पीसीआय एक्स्प्रेसचं. मधे एक पूल-चिप टाकून त्याची एजीपी आवृत्ती काढावी लागली. पण या बदलाने जुन्या पीसीवाल्यांना एक मोठी देणगीही दिली, ती म्हणजे मागची सुसंगतता. पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या बदलल्या तरी खाच तीच राहिली, त्यामुळे आजचं कार्डही पंधरा वर्षांपूर्वीच्या बोर्डात निदान बसतं तरी. शिवाय मोठ्या स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळण्याची सोय झाली. पुढची सगळी गोष्ट या ७५ वॅटांभोवती फिरते.

२००७ चं एनव्हिडियाचं ८८०० जीटी आणि २००८ चं एएमडीचं रेडिऑन एचडी ४८५० यांनी मधल्या किमतीत वरच्या दर्जाचा वेग दिला, आणि त्यांचं कौतुक आजही होतं ते रास्तच आहे. (तेच ८८०० जीटी पुढे फारसं न बदलता ९८०० जीटी या नावाने विकलं गेलं, हेही विसरू नये.) पण जुना पीसी जगवण्याच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं कार्ड म्हणजे फेब्रुवारी २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय. मॅक्सवेल ही तेव्हाची नवी रचना याच कार्डातून पहिल्यांदा बाजारात आली. चिप बनवण्याची २८ नॅनोमीटरची पद्धत आधीच्या केप्लर रचनेचीच होती, तरी वीज मात्र फक्त ६० वॅट. मूळ रचनेत पॉवर सप्लायची वेगळी वायर लावावीच लागत नव्हती. ऑफिसातून काढून टाकलेल्या तयार पीसींमध्ये २५० ते ३०० वॅटचे पॉवर सप्लाय असत आणि त्यांना पीसीआय एक्स्प्रेसची वायरच नसे. असा डबा उघडायचा, हे कार्ड बसवायचं, ड्रायव्हर टाकायचा, की गेमिंग पीसी तयार. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयने तोच वारसा ७५ वॅट आणि ४ जीबी मेमरीसह पुढे नेला.

हे इतकं जमून आलं याचं आणखी एक कारण कन्सोलमध्ये आहे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमधले प्रोसेसर कमकुवत होते. बहुतेक मोठे गेम त्यांना झेपतील असे बनत, त्यामुळे चार कोअरचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर कित्येक वर्षं पुरला. प्रोसेसर जुनाच ठेवून फक्त कार्ड बदलण्याचा हिशेब त्या काळात बरोबरच बसायचा.

फसवणुकीच्या जागा तेव्हाही होत्या. जीटीएक्स १०६० चे ३ आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. वाटायचं फरक मेमरीचा आहे, प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. त्याहून वाईट उदाहरण जीटी १०३० चं. २०१७ चं मूळ कार्ड जीडीडीआर५ मेमरीचं होतं आणि सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवायचं. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली, तिचा आकडा १७ जीबीच्या आत होता. खोक्यावर नाव तेच, मेमरी २ जीबीच, आणि गेममध्ये वेग निम्म्याच्या आसपास. हे सरळसरळ ग्राहकाला अंधारात ठेवणं होतं. आजही सेकंडहँड बाजारात हे कार्ड पाहताना मेमरीचा प्रकार विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग मायनिंग, म्हणजे कार्डांच्या गणनशक्तीवर आभासी चलन कमावणं, आलं. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये इथिरियम या चलनासाठी कार्डं घाऊक उचलली गेली. दुसऱ्या लाटेत चिपचा जागतिक तुटवडाही होता. परिस्थिती इतकी बिकट झाली की २०१६ चं १०५० टीआय २०२१ मध्ये पुन्हा बाजारात सोडलं गेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथिरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. पण मधल्या काळात स्वस्त कार्डाची व्याख्याच बदलून गेली होती.

या बदलाचं सगळ्यात बोलकं उदाहरण जानेवारी २०२२ चं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. यातली चिप मुळात लॅपटॉपचा विचार करून बनवलेली होती. म्हणून मेमरीची वाट फक्त ६४ बिटांची, मेमरी ४ जीबी आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन (स्लॉटातून माहिती ये-जा करण्याच्या मार्गिका) सोळाऐवजी चारच. व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयही काढून टाकलेली. चौथ्या पिढीच्या स्लॉटात चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटात तीच ४ जीबीवर येते आणि दुसऱ्या पिढीच्या स्लॉटात २ वर. गेमची माहिती ४ जीबीत मावते तोवर हे जाणवत नाही. ती उतू गेली की कार्डाला मुख्य मेमरीकडे धाव घ्यावी लागते. स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १४४ जीबी वाचू शकणारं कार्ड मग या ४ जीबीच्या बोळातून ये-जा करतं आणि गेम अडखळत चालतो. आता पाहा, चौथी पिढी कोणाकडे होती? इंटेलच्या डेस्कटॉपवर ती २०२१ मध्ये आली, एएमडीच्या सर्वसामान्य बोर्डांवर २०२० च्या बी५५० पासून. म्हणजे नव्या पीसीवर हे कार्ड ठीकठाक चालतं आणि ज्याला स्वस्त कार्डाची खरी गरज, त्याच्याकडे लंगडं पडतं. याची बाजू घेणं मला तरी शक्य नाही.

लेन कमी करण्याचा प्रघात मात्र पसरला. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ४०६० ही सगळी आठ लेनची कार्डं. आठ लेन आणि ८ जीबी मेमरी असेल तर तिसऱ्या पिढीच्या स्लॉटात होणारं नुकसान बहुतेकदा थोडकं असतं, म्हणूनच २०२१ चं आरएक्स ६६०० जुन्या पीसीसाठी इतकं सुचवलं जातं. १३२ वॅट आणि आठ पिनांचं एकच कनेक्टर, इतकीच त्याची मागणी.

२०२२ मध्ये इंटेल आर्क नावाची कार्डं घेऊन उतरलं. तिसरा स्पर्धक आला याचा आनंद होता, पण अट होती रिसायझेबल बारची. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी ही सोय नसेल तर आर्कचा वेग चांगलाच घसरतो. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या मागचे प्रोसेसर अधिकृत यादीत नव्हते. डिसेंबर २०२४ च्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि नव्या पीसीवर ते छान पळतं. जुन्या प्रोसेसरवर मात्र ड्रायव्हरचा बोजा जास्त पडतो आणि फ्रेम घटतात, हे जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत दिसून आलं.

दरम्यान गेमही जड झाले. २०२० च्या कन्सोलमध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आली आणि दोन-तीन वर्षांत ८ जीबीची कार्डं नव्या गेमना अपुरी पडू लागली. २०२४ च्या अखेरीपासून हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून दृश्य रंगवण्याची कार्डातली खास सोय, सक्तीचं असलेले मोठे गेम आले. जीटीएक्स नावाची कार्डं तिथे बादच होतात. मॅक्सवेल आणि त्यानंतरच्या पास्कल (१०५० टीआय, १०६० यांची) रचनेच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. थोडा दिलासा एएमडीच्या एफएसआरने दिला. २०२१ पासूनचं हे अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करण्याचं तंत्र, प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांवरही चालतं, आणि १०६० सारखी कितीतरी कार्डं त्यामुळे आणखी काही वर्षं कामाची राहिली.

वायर न लागणाऱ्या कार्डांची परंपरा फेब्रुवारी २०२४ च्या ६ जीबीच्या आरटीएक्स ३०५० मध्ये टिकून आहे. ७० वॅटचं हे कार्ड म्हणजे ७५० टीआयचं खरं वारसदार. फक्त इथेही तीच जुनी खोड आहे: ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर, यात २३०४, आणि मेमरीची वाट १२८ ऐवजी ९६ बिटांची. त्याखालची जागा प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सने भरून काढली आहे, त्यामुळे जीटी १०३० च्या तोडीचं नवं कार्ड काढण्यात कंपन्यांना आता रस उरलेला नाही. जून २०२५ च्या आरएक्स ९०६० एक्सटीला मात्र एएमडीने पुन्हा पुऱ्या सोळा लेन दिल्या. किमतीने ते स्वस्तातलं म्हणता येणार नाही, पण तिसऱ्या पिढीचा बोर्ड असलेल्याला बऱ्याच वर्षांनी लेनचा हिशेब न करता निवडता येईल असं नवं कार्ड मिळालं आहे.